पुस्तकवेडी माइन

बदलापूर हें नांव कसें पडलें याविषयीं तिकडील जुनीं माणसें एक गोष्ट सांगत आलीं आहेत. सुरतेकडून घाटावर जाणारे स्वार येथें थांबत, थकलेले घोडे सोडीत आणि ताज्या घोड्यांवर बसून पुढें जात. घोडे बदलण्याचें गांव तें बदलापूर. ही व्युत्पत्ति भाषाशास्त्राच्या कसोटीला कितपत उतरेल हा प्रश्न निराळा. परंतु याच गांवांत श्याम जोशी यांनीं जुन्या व दुर्मिळ मराठी ग्रंथांचें आणि नियतकालिकांचें 'ग्रंथसखा' नांवाचें जें वाचनालय उभारलें, त्याचा विचार करूं लागलें म्हणजे एक चमत्कारिक प्रश्न मनांत उभा राहतो. असा एखादा ग्रंथवेडा मनुष्य रात्रीं निजला, आणि सकाळीं अशा ठिकाणीं जागा झाला कीं जेथें पुस्तक नाहीं, कागद नाहीं, आणि शेजारींपाजारीं अक्षर ओळखणारें कोणी नाहीं, तर तो काय करील?

या प्रश्नाचें उत्तर एका जपानी लेखिकेनें तेहतीस खंडांत दिलें आहे. तिचें नांव मिया काझुकी. २०१३ च्या सप्टेंबरांत तिनें ही कथा इंटरनेटवर प्रकरणाप्रकरणानें लिहावयास आरंभ केला. २०१७ च्या मार्चांत ती तेथें संपली, तेव्हां प्रकरणांची संख्या ६७७ झाली होती. पुढें २०१५ च्या जानेवारीपासून २०२३ च्या डिसेंबरपर्यंत ती पुस्तकरूपानें निघाली, आणि २०१९ सालापासून तिच्यावर चित्रमालिकाही झाल्या. मूळ नांव 'होन्झुकी नो गेकोकुजो'. 'होन्झुकी' म्हणजे पुस्तकांचा शौकी. 'गेकोकुजो' म्हणजे खालच्यानें वरच्याला उलथून टाकणें. जपानच्या इतिहासांत ज्या काळीं चाकर धन्याला आणि धाकटा सरदार थोरल्या सरदाराला पदच्युत करीत होता, त्या काळाचा हा शब्द आहे. पुस्तकाची आवड आणि बंडाळी यांची ही जोडी प्रथम ऐकतांना विनोदी वाटते. कथा पुढें सरकते तसतसा तो विनोद ओसरतो.

ज्या वाङ्मयप्रकारांत ही कथा मोडते त्याला जपानांत 'लाइट नॉव्हेल' म्हणतात. तरुण वाचकांसाठीं, संवादांनीं भरलेली, मधूनमधून चित्रें असलेली आणि एकामागून एक खंड निघत जाणारी ही कादंबरी असते. पंडितवर्ग तिच्याकडे नाक मुरडून पाहतो. आपल्याकडे नाथमाधवांच्या 'वीरधवला'कडे कित्येक वडील मंडळींनीं असेंच नाक मुरडून पाहिलें असेल. परंतु ज्या मुलांनीं तो चोरून वाचला, तीं पुढें गंभीर ग्रंथ वाचणारीं झालींच. तेव्हां प्रकाराच्या हलकेपणावरून आंतील मालाचें वजन ठरवूं नये हें बरें.

या प्रकारांतही एक पोटप्रकार सध्यां फार बोकाळला आहे. नायक या जगांत मरतो आणि दुसऱ्याच एका जगांत, दुसऱ्याच देहांत जागा होतो. मराठी वाचकाला यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. परकायाप्रवेश आपल्याकडे जुना आहे. शंकराचार्यांनीं अमरु राजाच्या देहांत प्रवेश केल्याची कथा घरोघरीं ठाऊक आहे. भेद इतकाच कीं आचार्य आपखुषीनें गेले, परत यावयाचें ठरवून गेले, आणि त्यांचा मूळ देह शिष्य सांभाळीत बसले होते. जपानी कथेंतील नायकाला परतीची वाट नसते. शिवाय बहुतेक कथांत या बदल्यांत त्याला अचाट सामर्थ्य मिळतें, मग तो राक्षस मारतो, राज्यें जिंकतो. मिया काझुकीच्या नायिकेला जें मिळतें तें म्हणजे वेशीपर्यंत चालत गेलें तरी ताप भरणारें एका पांच वर्षांच्या पोरीचें अंग.

गोष्ट अशी आहे. मोतोसु उरानो ही जपानांतील एक तरुण मुलगी. वाचनाचें वेड इतकें कीं जेवण, झोंप, सोबती यांपैकीं कशाचीच तिला शुद्ध नसे. तिची ग्रंथालयांत नोकरी ठरली, आणि ती सुरू होण्यापूर्वींच भूकंपांत कोसळलेल्या पुस्तकांच्या राशीखालीं सांपडून ती मेली. पुस्तकांनींच तिचा जीव घ्यावा ही लेखिकेची पहिली थट्टा. डोळे उघडले ते एरेनफेस्ट नांवाच्या एका तटबंदीच्या शहरांत, माइन नांवाच्या रोगी मुलीच्या देहांत. बाप गुंटर हा वेशीवरचा शिपाई, आई एफा कापड रंगविणारी, थोरली बहीण तुली. घरांत चूल आहे, सरपण आहे, विहिरीचें पाणी वर वाहून आणावें लागतें. परंतु छापलेला तर राहोच, हातानें लिहिलेलाही एक चिटोरा नाहीं. त्या जगांत पुस्तकें आहेत. तीं सरदारांच्या वाड्यांत आणि देवळांत आहेत. चामड्याच्या पानांवर हातानें लिहिलेलीं, आणि एका कोऱ्या पानालाच शिपायाचा जवळजवळ महिन्याचा पगार लागावा इतकीं महाग.

मग ही मुलगी ठरविते कीं पुस्तक मिळत नसेल तर आपणच करावें.

यापुढचा भाग या मालिकेंतील सर्वांत रसाळ आहे, कारण लेखिका नायिकेला पावलोपावलीं हरविते. प्रथम गवताचे तंतु हातानें विणून मिसरी पपायरससारखें पान करण्याचा खटाटोप होतो. बोटें दुखतात, पान होत नाहीं. मग ती मातीच्या पाट्यांवर गोष्टी कोरते. भाजण्यासाठीं अग्नींत घालतांच त्या फुटतात. मग लांकडाच्या पट्ट्यांवर लिहिते. त्या आई सरपण समजून चुलींत घालते. येथें आईचा दोष कांहीं नाहीं. जिनें उभ्या जन्मांत लिहिलेली वस्तु पाहिली नाहीं, तिला काळ्या रेघा ओढलेली काटकी आणि साधी काटकी यांत काय फरक दिसावा? वाचणाऱ्याला जें धन वाटतें तें न वाचणाऱ्याला इंधन वाटतें, ही गोष्ट लेखिका व्याख्यान न देतां एका चुलींतल्या जाळावर दाखविते. वेशीवरच्या चौकींत ऑटो नांवाचा एक हिशेबनीस शिपाई माइनला पाटी आणि पेन्सिल देतो व त्या देशाचीं अक्षरें शिकवितो; पण पाटीवरचें पुसावें लागतें. पाटीवर शिकलेल्या पिढ्यांना पुसण्याचें तें दुःख सांगावयास नको.

मातीच्या पाट्यांवरून अंबरनाथची आठवण होणें स्वाभाविक आहे. तेथील शिवालयांत शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, शिलाहार राजा मुम्मुणि याच्या वेळचा शिलालेख आहे. साडेनऊशें पावसाळे गेले, आजूबाजूला कारखाने आले, आगगाडी आली. अक्षरें दगडावर आहेत. अक्षर टिकविण्याचा याहून खात्रीचा उपाय माणसाला सांपडलेला नाहीं. परंतु दगड उशाशीं घेऊन कोणी निजत नाहीं, आणि तो शेजारणीला वाचावयास देतां येत नाहीं. माइनला जें हवें आहे तें टिकणाऱ्या अक्षरापेक्षां फिरणारें अक्षर, आणि त्याला कागदच पाहिजे.

कागद करण्यास तिला साथ मिळते ती शेजारच्या लुट्झ या तिच्याच वयाच्या मुलाची. जपानी हातकागदाची रीत तिनें पूर्वजन्मीं पुस्तकांत वाचलेली असते. हातानें मात्र कधीं केलेली नसते. रीत अशी: कोंवळ्या फांद्या वाफवावयाच्या, साल सोलावयाची, ती वाहत्या पाण्यांत भिजवावयाची, वरचा काळा पापुद्रा खरवडून पांढरी साल काढावयाची, ती राखेच्या पाण्यांत शिजवावयाची, पुन्हां धुवावयाची, दांडक्यानें कुटून तिचा लगदा करावयाचा, आणि तो पाण्यांत चिकट द्रवाबरोबर कालवून जाळीच्या चौकटीवर पातळ थर घ्यावयाचा. मग दाबावयाचें आणि वाळवावयाचें. यांतील प्रत्येक पायरीला ठेंच लागते. त्या देशांतील झाडें निराळीं, कोणती साल चालेल तें ठाऊक नाहीं. चौकट करणारा सुतार नाहीं, हत्यारें घेण्यास पैसा नाहीं. बेनो नांवाचा व्यापारी भांडवल घालतो तेव्हां कोठें काम पुढें सरकतें. आणि थंडीच्या दिवसांत नदीच्या पाण्यांत हात घालतो तो लुट्झ. माइनला तेवढ्यानेंही अंथरूण धरावें लागलें असतें. डोकें एकाचें आणि हात दुसऱ्याचे, हा हिशेब लेखिका शेवटपर्यंत विसरत नाहीं. नायिका पुष्कळदां विसरते. तेव्हां लुट्झ किंवा बेनो तिला खडसावून आठवण देतात, आणि तें वाचतांना बरें वाटतें.

जपानी वाचकाला ही रीत घरची आहे. त्यांच्या शोसोइन या भांडारांत इसवी सन ७०२ मधील कुटुंबनोंदींचे कागद अजून शाबूत आहेत. मराठी मुलखालाही हातकागद परका नव्हता. जुन्नरचा कागद पेशवाईच्या दप्तरांतून प्रसिद्ध आहे. खुलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचें तर नांवच त्या धंद्यावरून पडलें. पुण्यांत १९४० सालीं हातकागदाची संस्था निघाली ती हाच मोडत चाललेला धंदा पुन्हां उभा करण्यासाठीं. आपल्याकडे झाडाच्या सालीपेक्षां चिंध्या, जुनीं गोणपाटें, ताग व अंबाडी यांचा लगदा होई. कुटणें, धुणें, उपसणें हें तेंच.

येथें ग्रंथसखासारख्या वाचनालयाचा एक खरा त्रास सांगितला पाहिजे. जुना चिंध्यांचा कागद दोन-तीन शतकें सहज टिकतो; पेशवाईतलें पत्र उलगडलें तरी मोडत नाहीं. उलट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लांकडाच्या लगद्याचा जो स्वस्त कागद आला, तो पन्नास-साठ वर्षांतच तांबूस होऊन बिस्किटासारखा तुटूं लागतो. लांकडांत लिग्निन नांवाचें द्रव्य असतें, तें हवेनें व उजेडानें तांबूस पडतें. शिवाय शाई फुटूं नये म्हणून कागदाला तुरटी व राळ यांचा जो लेप देत, त्यांतून अम्ल निघतें आणि तें तंतु आंतल्या आंत खाऊन टाकतें. त्यामुळें अशी विपरीत स्थिति आली आहे कीं रामदासी मठांतली पोथी शाबूत, आणि विसाव्या शतकाच्या आरंभींचें मासिक पान उलटतांच हातांत गळून पडतें. कोंकणच्या दमट हवेंत तर वाळवी आणि बुरशी यांची भर. अशीं मासिकें शोधून, झटकून, पुठ्ठ्यांत घालून ठेवणें हें नुसतें छंदाचें काम नव्हे. माइनचा कागद राखेच्या पाण्यांत शिजलेला, लांब तंतूंचा, तो टिकेल. लेखिकेनें हें मुद्दाम योजलें असो वा नसो, रसायनशास्त्र तिच्या बाजूचें आहे. जातां जातां हेंही सांगावयास हरकत नाहीं कीं लांकडाच्या याच लगद्याला कॉस्टिक सोड्यांत व कार्बन डायसल्फाइडांत विरघळवून त्याचा धागा ओढतात, आणि उल्हासनगरला लागून शहाड येथें १९५० नंतरच्या दशकांत निघालेला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना त्याच विद्येवर उभा राहिला. झाडाच्या अंगांत काय काय दडलेलें असतें!

कागद झाला म्हणजे छापणें आलें. माइन प्रथम जाड कागद कातरून त्याच्या छिद्रांतून शाई उतरविते, पुढें योहान नांवाच्या लोहारपोराकडून धातूचे खिळे पाडून घेते आणि हर्षभरानें त्याला 'गुटेनबर्ग' ही पदवी देते. बिचाऱ्याला ती नको असते. या प्रकरणांची गंमत ज्याला पुरती चाखावयाची असेल त्यानें मुंबईच्या गणपत कृष्णाजींचें चरित्र आधीं ऐकावें. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत शिळाछापाचें काम पाहून या गृहस्थानें स्वतः लांकडाचा छाप तयार केला, दगड मिळविले, शाई घरीं करून पाहिली, आणि १८३१ सालीं मराठी पंचांग छापून काढलें. शाईंत चरबी असते म्हणून सोंवळ्यांतले लोक छापील कागदाला शिवत नसत. तेव्हां तुपाची शाई करून धर्मग्रंथ छापल्याचें सांगतात. पुढें त्यांनीं खिळेही पाडले. त्यांच्या मागून आलेले जावजी दादाजी यांनीं त्याच मिशनच्या छापखान्यांत पोरवयांत खिळे घासले होते. त्यांचा निर्णयसागर छापखाना १८६९ सालीं निघाला, आणि त्याच्या सुंदर देवनागरीला जें वळण मिळालें तें राणोजी रावजी आरू या कारागिराच्या हातचें. छापलेलें पुस्तक वाचणारे लाखों निघाले. ज्यानें पोलादाच्या कांडीवर उलटें 'क' कोरलें त्याचें नांव कितीकांना ठाऊक आहे? काझुकीच्या कथेंत या लोकांना नांवें आहेत, खोड्या आहेत, भांडणें आहेत. चामड्याचीं पानें करणाऱ्यांचा संघ नव्या कागदावर चवताळून उठतो, आणि शेवटीं करारपत्रें चामड्यावर व इतर कामें कागदावर अशी वांटणी होते. नव्या वस्तूनें जुन्या पोटावर पाय येतो हें इतक्या स्वच्छपणें सांगणारी अद्भुत कथा विरळा.

आतां या कथेची काळी बाजू. माइनचा ताप साधा नव्हे. त्या जगांत जादूचें सामर्थ्य कांहीं जणांच्या अंगांत जन्मतःच असतें. तें वाढत जाऊन देहाला आंतून खाऊं लागतें. सरदारांच्या मुलांना तें उपसून घेणारीं यंत्रें असतात, म्हणून त्यांच्या बाबतींत तें वैभव होतें. शिपायाच्या मुलीच्या अंगांत तेंच सामर्थ्य असलें तर तो रोग होतो आणि ती मरते. फ्रीडा नांवाची एका धनिक व्यापाऱ्याची नात याच रोगानें पछाडलेली आहे. पुढें एका सरदाराची रखेली होण्याच्या करारावर तिला जीवदान मिळालें आहे, आणि हें ती इतक्या शांतपणें सांगते कीं वाचणाऱ्याच्या अंगावर कांटा यावा. एकच गुण, एका घरीं दागिना आणि दुसऱ्या घरीं मरण. जादूचा पडदा बाजूस सारून पाहणाऱ्याला हें अनोळखी वाटूं नये.

आणि दुसरें एक. खरी माइन कोठें गेली? पांच वर्षांची ती मुलगी तापांत मेली, म्हणूनच तर परका जीव त्या देहांत शिरला. अशा जातीच्या कथांत हा प्रश्न बहुधा झटकून टाकतात. काझुकी तो टाकीत नाहीं. कागदाच्या कामांत रात्रंदिवस बरोबर असलेल्या लुट्झला कळून चुकतें कीं ही आपल्या ओळखीची माइन नव्हे. एवढें ज्ञान तिच्यापाशीं असणें शक्य नाहीं. तो तिला विचारतो, माझी माइन परत दे म्हणतो. ती नाकबूल करीत नाहीं. आपण नाहींसे झालों तर देहही मरेल, तरी तुझी इच्छा असेल तर जाऊं, असें ती सांगते. त्या मुलानें विचार करून दिलेला निवाडा असा, कीं ज्या माइनबरोबर आपण कष्ट केले ती हीच, आणि आपली माइन हीच. दहा वर्षांच्या आंतल्या पोराच्या तोंडीं हा निवाडा घालणें धाडसाचें होतें. पण तो खोटा वाटत नाहीं, कारण त्यामागें थंड पाण्यांत गारठलेले हात आहेत.

परक्या घरीं जागें होण्याची ही स्थिति कल्पनेंतलीच असते असें नाहीं. बदलापूर-अंबरनाथाहून कल्याणकडे येतांना लागणारें उल्हासनगर हें दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणीचें ठिकाण. १९४७ नंतर सिंधमधून घरदार सोडून आलेलीं हजारों कुटुंबें तेथल्या बराकींत उतरलीं, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें कोनशिला बसून त्या छावणीचें उल्हासनगर झालें. त्या लोकांच्या गांठोड्यांत ग्रंथ कितीसे असणार? जें आणलें तें डोक्यांत आणि हातांत आणलें: हिशेब, व्यापाराची नजर, पापड लाटण्याची आणि मिठाई करण्याची रीत. माइनचेंही असेंच आहे. तिनें बाजारांत आणलेली पहिली वस्तु पुस्तक नव्हे. ती आहे केंस धुण्याचें द्रव्य आणि केंसांत खोंवण्याचीं दोऱ्याचीं फुलें. आधीं घरांत होईल तें विकावयाचें, मग कागद. उल्हासनगरांत आणखीही एक प्रश्न उभा राहिला, तो मुलांनीं आपली भाषा कोणत्या लिपींत वाचावी याचा. अरबी वळणाची लिपि आजोबांची, देवनागरी शेजाऱ्यांची. सिंधी भाषेला १९६७ सालीं घटनेच्या आठव्या परिशिष्टांत स्थान मिळालें. लिपीचा वाद त्यानें मिटला नाहीं. आजोबांनीं जपलेलें पुस्तक नातवाला वाचतां येऊं नये, तर त्या घरांत तें पुस्तक माइनच्या लांकडी पट्ट्यांहून फारसें निराळें राहत नाहीं.

माइन सातव्या वर्षीं दीक्षाविधीसाठीं देवळांत जाते तेव्हां तिच्या दृष्टीस एक ग्रंथागार पडतें. सांखळ्यांनीं बांधलेलीं पुस्तकें समोर दिसतात. दारावर अदृश्य पडदा आहे, आंत जातां येत नाहीं. केवळ तेवढ्यासाठीं ती देवळांत उमेदवार जोगीण होण्यास तयार होते. येथें तिचा स्वार्थ उघडा आहे, आणि लेखिका तो झांकीत नाहीं. देवळाच्या मागच्या अंगास अनाथालय आहे, आंत मुलें उपाशीं कुजत आहेत. तें पाहिल्यावर माइनची पहिली वृत्ति डोळे मिटून पुस्तकाकडे वळण्याची होते. पण तें दृश्य तिला वाचूं देत नाहीं. शेवटीं ती फेर्डिनांड या करड्या अधिकाऱ्याकडून अनाथालयाचा कारभार मागून घेते, आणि मुलांना आंघोळ, सांजा-सूप आणि कागद करण्याचें काम देते. करुणेनें म्हणा, पुस्तक वाचतांना मन स्वस्थ राहावें म्हणून म्हणा. हेतु असा अर्धा उजळ अर्धा मळकट ठेवणें हें या लेखिकेचें मोठें बळ आहे. मुलांचें पोट मात्र दोन्ही हेतूंनीं सारखेंच भरतें. त्याच मुलांच्या हातून पहिलें छापील चित्रपुस्तक निघतें. कथेच्या पुढच्या भागांत, विशेषतः विद्यापीठ आणि राजकारण आल्यावर, पाल्हाळ फार झाला आहे. तेहतीस खंड ही वाचकाच्या सहनशीलतेचीही परीक्षा आहे. परंतु पहिले सात खंड कोणत्याही भाषेंत स्वतःच्या पायांवर उभे राहतील असे आहेत.

त्या सातव्या खंडाच्या शेवटीं पुस्तकवेडाची किंमत मोजावी लागते. माइनच्या अंगचें सामर्थ्य परक्या सरदारांना कळतें, तिला पळविण्याचा प्रयत्न होतो, आणि आईबापांवर प्राणसंकट येतें. वांचण्याचा एकच मार्ग उरतो: प्रांताधिपतीनें तिला दत्तक घ्यावें, शिपायाची मुलगी मेली असें जाहीर व्हावें, आणि घरच्या माणसांनीं जादूच्या करारावर सह्या करून यापुढें एकमेकांना नात्यानें हांक न मारण्याचें कबूल करावें. बाप सही करतो, आई करते, तुली करते. माइनचें नांव रोझेमाइन होतें. ज्या ग्रंथांसाठीं ती तळमळत होती त्यांच्या दाराच्या किल्ल्या तिच्या हातीं येतात; आणि ज्यांनीं तिला पाठुंगळीं घेऊन वेशीपर्यंत नेलें त्यांच्याकडे तिला यापुढें मालकिणीच्या तोऱ्यानें पाहावें लागतें.

नात्याची हांक बंद झाली, धंद्याची बंद झालेली नाहीं. तुली केंसांतलीं फुलें करण्यांत तरबेज होते, आणि माप घेण्याच्या निमित्तानें तिला वाड्यांत जातां येतें. बाई, हा रंग आवडला का, एवढेंच ती बोलते. आईनें रंगविलेलें कापड गिऱ्हाईक म्हणून निवडण्याची वेळ पुढें येते. घरांत त्या ताटातुटीच्या थोडें आधीं जन्मलेला एक भाऊ आहे, त्याचें नांव कामिल. पहिलें चित्रपुस्तक माइननें त्याच्यासाठींच योजलें होतें. नवीं पुस्तकें निघतात तसतशीं लुट्झ तीं त्या घरीं पोंचवितो. कामिल तीं जमिनीवर मांडून बसतो, अक्षरें लावतो, आणि हीं कोण करतें म्हणून विचारतो. आईबाप एकमेकांकडे पाहतात आणि छापखान्याचें नांव सांगतात.